आडात आणि पोहऱ्यात

आपल्याकडे एक म्हण आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्याने विहिरीवर दोर ओढला आहे, त्याला या म्हणीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पण मुलांच्या वळणाचा प्रश्न निघाला, की नेमकी हीच म्हण आपण विसरतो. आड कोरडा असला तरी पोहरा भरून वर यावा, अशी आपली अपेक्षा असते. आज मला आपल्याशी बोलायचं आहे ते ख्रिस्ती आईबापांविषयी आणि त्यांच्या मुलांविषयी. मुलाला श्रद्धेचं वळण लागतं ते नेमकं कशाने, हा आजचा प्रश्न आहे. उदाहरणं ख्रिस्ती घरांतली असली, तरी ऐकणाऱ्या कोणत्याही घराला ती परकी वाटणार नाहीत.

प्रथम आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलीच एक साधी गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीचे एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत. शेती करतात, कपाशी आणि तूर. दर रविवारी सहकुटुंब उपासनेला जातात. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना असते. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "सर, पोरगं हाताबाहेर चाललं हो. प्रार्थनेला बसत नाही. रागावलो तर उठून बाहेर जातं. तुमच्या कॉलेजात आहे, तुमचं ऐकते. जरा समजावून सांगा."

मी मुलाला बोलावलं. मुलगा गुणी, अभ्यासात बरा, बोलण्यात नम्र. मी उपदेशाची तयारी करून बसलो होतो. त्याने माझं सारं ऐकून घेतलं आणि मग खाली मान घालून म्हणाला, "सर, रोजच्या प्रार्थनेत क्षमेची गोष्ट येते. आणि धुऱ्याच्या भांडणावरून बाबा शेजारच्या काकांशी तीन वर्षांपासून बोलत नाहीत. वाटेत काका दिसले तर तोंड फिरवतात. आम्हांलाही त्यांच्या घरी जाऊ देत नाहीत. मग ते शब्द मी कसे म्हणू? मला लाज वाटते."

श्रोतेहो, माझी उपदेशाची सगळी तयारी तिथेच संपली. बापाला वाटत होतं, मुलगा धर्म सोडतो आहे. मुलगा तर बापाने शिकवलेला धर्मच मनावर घेऊन बसला होता! हे प्रकरण पुढे कुठवर गेलं ते शेवटी सांगतो. तोवर एक गोष्ट ध्यानात ठेवू या. मुलांना आपण जे सांगतो ते त्यांच्या कानावर पडतं, आणि आपण जे करतो ते त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. या दोहोंत अंतर पडलं, की मूल डोळ्यांवर विश्वास ठेवतं.

ख्रिस्ती शास्त्रातही ही गोष्ट आली आहे. प्रेषित पौल तीमथ्य नावाच्या आपल्या तरुण सहकाऱ्याला पत्र लिहितो, त्यात तो त्याच्या विश्वासाचं मूळ सांगतो. हा विश्वास आधी तुझ्या आजीत होता, मग तुझ्या आईत होता, आणि आता तो तुझ्यात आहे, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. आजीचं नाव लोईस, आईचं युनीके. तीमथ्याला शिकवणारे मोठमोठे गुरू मिळाले, पण पौलाने त्याच्या विश्वासाची सुरुवात शोधली ती घरातल्या दोन बायकांमध्ये.

आता जी मोठी गोष्ट सांगायची आहे ती टिळकांच्या घराची. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ही नावं शिक्षकांना तरी नवी नाहीत. टिळक कोकणातल्या करजगावचे, आणि त्यांची बरीच वर्षं गेली नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. पण या कथेचा एक धागा आपल्या यवतमाळशी येऊन जुळतो. १८९३ साली टिळक नागपूरहून आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक परदेशी पाद्री होते. कवितेवर गप्पा निघाल्या, गप्पांतून धर्माचा विषय निघाला. उतरताना त्या पाद्र्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि म्हटलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना त्या वेळी हे बोलणं चमत्कारिक वाटलं असेल. पण १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते पाद्री म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड. अर्नेस्ट आणि त्यांच्या पत्नी फीबी हे जोडपं १८८१ साली अमेरिकेहून हिंदुस्थानात आलं. ती दोघं ज्या फ्री मेथडिस्ट मंडळीची, त्या मंडळीच्या कामाचं मुख्य ठाणं पुढे आपलं यवतमाळ झालं. वॉर्ड पतिपत्नींचं चरित्र पुढे लिहिलं ते त्यांच्या मुलीने, एथेल हिने. आईबापांचं चरित्र लिहावं असं मुलीला वाटलं, हीसुद्धा त्या घराची एक साक्षच म्हणायची.

असो. आपण टिळकांकडे वळू. टिळकांचे वडील वामनराव फार कडक आणि तापट. आई जानकीबाई मायाळू, भाविक, कवितेची आवड असलेली. आई गेली, तेव्हा टिळक लहान होते. त्यांनी घर सोडलं आणि नाशिकची वाट धरली. आता गंमत पाहा. आईची भक्ती आणि कविता मुलात उतरली, आणि बापाचा तापटपणाही उतरला! लहानपणी ज्या रागाला भिऊन मूल पळतं, तोच राग मोठेपणी त्याच्या ओठांवर येतो. आईबाप चांगलं तेवढं निवडून मुलाच्या पदरात टाकू शकत नाहीत. घरात जे असतं ते सगळंच पोहऱ्यात येतं.

टिळकांनी धर्म बदलला, त्या वेळी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या. पदरी लहान मुलगा, दत्तू. पुढची जवळजवळ पाच वर्षं ओढाताणीची गेली, आणि त्यांतला बराच काळ नवराबायको वेगळे राहिले. दोघं पुन्हा जवळ आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, आणि मध्ये एक लहान मूल. मुलाला इकडे किंवा तिकडे ओढण्याचा मोह किती होईल, याची कल्पना करा. आजही कित्येक घरांत मुलाला दोरीसारखं दोन्हींकडून ओढलं जातं.

लक्ष्मीबाईंचं मन बदललं, पण ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि त्यांच्या स्वतःच्या वेळी. जातिभेद देवाने केला की माणसाने केला, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर मिळालं तसं त्या वागू लागल्या. सवय जायला शरीराने आणि मनाने खूप त्रास दिला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मुलाने हे सगळं जवळून पाहिलं असेल, त्याला विश्वास म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागलं नसेल. आपली आई एखादी गोष्ट पटेपर्यंत ती करत नाही, आणि पटल्यावर कितीही जड गेली तरी ती टाळत नाही, हे त्याने घरातच पाहिलं.

त्याच सुमाराला छप्पनचा दुष्काळ पडला. शके अठराशे एकवीस, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. आपल्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीही त्या दुष्काळाच्या आठवणी पुष्कळ वर्षं होत्या. टिळकांनी दुष्काळात सापडलेली अनाथ मुलं घरी आणली. मुलांच्या अंगावर खरजेचे फोड, डोक्यात उवा, पोटं खपाटीला गेलेली. त्यांना न्हाऊमाखू घालायचं, त्यांच्या जखमा धुवायच्या, हे काम पडलं लक्ष्मीबाईंवर. कालपर्यंत जी बाई स्पर्शाला भीत होती, तिने ही पोरं जवळ घेतली. शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे वाक्य रविवारी ऐकणं निराळं, आणि आपल्या वाटणीची भाकर दुसऱ्या पोराच्या ताटात पडलेली पाहणं निराळं.

याच घरात पुढे बालकवी राहायला आले. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्यांचं नाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांची आणि त्यांची ओळख झाली, आणि टिळकांनी त्यांना आपल्या घरी नेलं. लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांवर पोटच्या मुलासारखी माया केली. ठोमरे हिंदू होते आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात एक हिंदू तरुण वर्षानुवर्षं घरचा म्हणून वावरला, हे दत्तूने पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर आपल्या श्रद्धेवर ठाम राहणं आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणं या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या. आपल्या जिल्ह्यात गावोगावी ख्रिस्ती घरं थोडी. त्यांची मुलं सकाळी एका वातावरणात उठतात आणि दुपारी दुसऱ्या वातावरणात शाळेत बसतात. अशा मुलांना या दोन्ही गोष्टी शिकण्याची गरज आहे, आणि त्या घराबाहेर कुठे शिकायला मिळणार?

आता कोणी म्हणेल, टिळक म्हणजे संतच. त्यांचं घर निराळं, आपलं घर निराळं. तर मंडळी, तसं नव्हतं. टिळक न सांगता घरातून निघून जात. हातात पैसा टिकत नसे. संसाराची ओढाताण नेहमीची. राग आला की भडका, आणि राग ओसरला की पश्चात्ताप. लक्ष्मीबाईही काही मुकाट सोसणाऱ्या नव्हत्या. त्याही चांगल्या ठणकावत. हे सगळं आपल्याला कसं कळलं? खुद्द लक्ष्मीबाईंनीच ते 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आणि गंमत अशी, की हे पुस्तक लिहिण्याचा आग्रह मुलाचाच. देवदत्त म्हणजे आपला दत्तू. त्यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई लिहू लागली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, आणि मराठी भाषेला एक अमोल पुस्तक मिळालं.

मी दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे या पुस्तकाविषयी बोलतो, आणि दरवर्षी एकाच विचारापाशी थांबतो. वडिलांच्या चुका सांगणारं आईचं लिखाण मुलाच्या हाती आलं. त्याने ते दडपलं नाही. ते लोकांपुढे ठेवलं. वडील थोर होते आणि वडील चुकत होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे सहन करण्याची ताकद त्या मुलात आली कुठून? मला वाटतं, ती त्या घरातूनच आली. ज्या घरात बाप चुकतो आणि चूक कबूल करतो, आई भांडते आणि पुन्हा मनापासून हसते, त्या घरातल्या मुलाला खऱ्याची भीती वाटत नाही. ज्या घरात बाप कधी चुकतच नाही, तिथलं मूल दोनच गोष्टी शिकतं : भिणं आणि लपवणं.

या घराचा आणखी एक पुरावा पाहा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्रावरचं महाकाव्य हाती घेतलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. काम अर्धवट राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी उचललं आणि आणखी ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. अखेरचा ७६ वा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ पुरा होऊन छापला गेला. बापाने सुरू केलेलं आईने पुढे नेलं, आणि मुलाने शेवटास नेलं. माझ्या मागून माझं काम कर, असं सांगून कोणी करत नाही. ते काम करताना बापाच्या चेहऱ्यावर मुलाने आनंद पाहिलेला असावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचं झालं. आई आणि मुलगी यांचं काय? तर आपल्याच महाराष्ट्रात पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांची जोडी होऊन गेली. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने मुलीला शिकवलं. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, आणि पुढे त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारलं. दुष्काळात सापडलेल्या, टाकून दिलेल्या मुलींना आणि विधवांना तिथे आसरा मिळाला. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांच्या आधारे बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. छापण्याचं काम सदनातल्या बायकांनीच केलं. मनोरमाबाई शिकल्यासवरल्या होत्या. त्यांना दुसरीकडे कुठेही सुखाने राहता आलं असतं. पण त्या आईच्याच कामात राहिल्या. १९२१ साली त्या वारल्या, आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. मुलगी शिकावी म्हणून धडपडणारा बाप, आणि परक्या मुली शिकाव्यात म्हणून आयुष्य वेचणारी मुलगी व नात : तीन पिढ्यांचं हे एकच वळण आहे.

मंडळी, ही झाली मोठ्या माणसांची उदाहरणं. आपण सामान्य माणसांनी काय करायचं? आपल्या यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. पुढे ती पुण्याला गेली. तिथे धर्मशास्त्र शिकायला ठिकठिकाणचे विद्यार्थी येत. पण मुलाची पहिली सेमिनरी म्हणजे त्याचं घर, आणि ती कुठे जात नाही. तिथले धडे फार लहान असतात. सांगतो.

रविवारी उपासनेहून घरी येताना वाटेत आपण काय बोलतो? पाळकांचा उपदेश लांबला, अमक्याने दान कमी टाकलं, तमकीने नवीन लुगडं मिरवलं, हेच जर बोलणं असेल, तर मुलाने तासभर ऐकलेलं त्या दहा मिनिटांत पुसलं जातं. नाताळात आपण घराला रंग देतो, करंज्या-चकल्या करतो. पण त्या फराळाची ताटं कोणाकोणाकडे जातात, यावर मुलाचं लक्ष असतं. मजुरीला आलेल्या बाईला आपण पाणी कशातून देतो, तिची मजुरी वेळेवर देतो की चार खेटे घालायला लावतो, हेही मूल पाहतं. कापूस विकताना वजनात आणि ओलाव्यात आपण काय करतो, तेही त्याला कळतं. आणि प्रार्थना? ती लहान असली तरी चालेल. पण ज्या दिवशी आपण बायकोवर उगाच ओरडलो, त्या दिवशी प्रार्थनेच्या आधी तिची माफी मागितली, तर त्या दिवशीची प्रार्थना मुलगा विसरणार नाही.

इथे मला स्वतःविषयीही सांगितलं पाहिजे. एकदा कोणाचा तरी फोन आला. मला बोलायचं नव्हतं. माझी धाकटी मुलगी जवळच होती. मी हळूच म्हटलं, "सांग, बाबा घरी नाहीत." तिने तसं सांगितलं, आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. ती काही बोलली नाही. दुसऱ्याच दिवशी मी वर्गात सत्याचं महत्त्व सांगत होतो, आणि मला तिचे ते डोळे दिसत होते. संध्याकाळी घरी जाऊन मी तिला म्हटलं, "काल मी तुला खोटं बोलायला लावलं. माझं चुकलं." ती हसली आणि खेळायला पळाली. माझं मन मात्र त्या दिवशी हलकं झालं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींनाही हेच लागू आहे. वर्गात साठ डोळे आपल्याकडे पाहत असतात. मधल्या सुट्टीत आपण कोणाच्या डब्याला हात लावतो आणि कोणाच्या लावत नाही, हजेरी घेताना कोणाचं नाव आदराने घेतो आणि कोणाचं तुच्छतेने, हे त्या डोळ्यांतून सुटत नाही. ख्रिस्ती मुलाला त्याच्या सणाबद्दल विचारलं, तर त्याला वाटतं की माझंही घर या शाळेत आहे.

आता त्या धुऱ्याच्या भांडणाकडे येतो. मुलगा काय म्हणाला, ते मी त्याच्या वडिलांना सांगितलं. सांगताना मला संकोच वाटत होता. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "धुरा त्यानंच कोरला सर. चूक त्याची आहे." मी म्हटलं, "असेल. मी त्याविषयी बोलतच नाही." ते उठून गेले. मला वाटलं, माणूस दुखावला.

नाताळच्या दिवशी मुलाने मला जे सांगितलं ते असं. सकाळी उपासनेहून आल्यावर वडिलांनी फराळाचं ताट भरून घेतलं आणि त्याला म्हणाले, "चल माझ्यासंगं." दोघं शेजाऱ्याच्या दारी गेले. शेजारी ओसरीवर बसले होते. कोणालाच काही सुचेना. अखेर शेजारीणबाई बाहेर आल्या, ताट घेतलं आणि म्हणाल्या, "या ना भाऊ, बसा. चहा टाकते." तीन वर्षांनी ते तिघं-चौघं एका ओसरीवर बसले. धुऱ्याची तक्रार अजून मिटलेली नाही. मोजणी व्हायची आहे. पण रस्त्यात आता तोंड फिरवणं राहिलेलं नाही.

मुलगा संध्याकाळच्या प्रार्थनेला बसतो की नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. ते त्याचं त्याला ठरवू द्यावं. पण वडिलांची गोष्ट सांगताना त्याचा आवाज बदलला होता, एवढं मी ऐकलं. आड भरू लागला की पोहरा रिकामा येत नाही. दोर ओढण्याची घाई मात्र करू नये.